गोड बोलण्याचा संशय

पहिल्याच भेटीत इनासकाकांनी माझ्या शंकरपाळीचा वास घेतला आणि विचारलं, "तेल कितव्यांदा वापरलंयस?"

मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या नव्या घरात येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. शेजारी मराठी बोलणारं वयस्कर जोडपं राहतं असं कळलं, दिवाळीही होती, म्हणून मी डबा घेऊन गेले. दारात उंच, हडकुळे, चष्मा कपाळावर सरकवलेले एक गृहस्थ उभे राहिले. डबा हातात घेण्याआधी त्यांनी त्यातली एक शंकरपाळी उचलली, नाकाशी धरली, मग उजेडात धरली आणि तो प्रश्न विचारला. मला राग यायला हवा होता. पण मी दह्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर मीही हेच करते. हुंगते, चाखते आणि समोरच्या डब्यात काहीतरी बिघडलेलं असणार असं धरून चालते. तेल दुसऱ्यांदा वापरलेलं होतं. मी तसं सांगितलं. "दुसऱ्यांदा चालतं," असं म्हणून त्यांनी शंकरपाळी तोंडात टाकली आणि मला वाटलं, या रस्त्यावर आपल्यासारखं एक माणूस तरी आहे.

इनासकाका मूळचे वसईचे. घरची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, पण ते शिकून मुंबईत ऑडिटर झाले, पुढे बायकोमुलाला घेऊन मेलबर्नला आले आणि निवृत्त होईपर्यंत इथेही दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढत राहिले. मी त्यांना अंकल म्हटलं तेव्हा म्हणाले, "काका म्हण. अंकल म्हणणारे लोक मागाहून इन्शुरन्स विकायला येतात." त्यांचा हवामानाच्या ॲपवर विश्वास नव्हता, सेल्फ चेकआउटच्या मशीनवर नव्हता, 'फ्रेश' असं लिहिलेल्या मासळीवर तर मुळीच नव्हता. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "कोण म्हणतं? आणि त्याला त्यात काय मिळतं?" समोरचा चाचरत म्हणाला की मला आपलं असं वाटतं, तर लगेच, "वाटणं हा पुरावा नव्हे."

रोझीकाकू त्यांच्या खांद्यालाही लागत नसत, पण घरात आवाज त्यांचाच. चूक दिसली की ती त्यांच्या पोटात राहत नसे. माझा चहा, माझ्या नवऱ्याचं, निखिलचं पार्किंग, चर्चमधल्या कॉयरचा सूर, काकांची भांडी घासायची पद्धत, या सगळ्यांचा समाचार त्या एका दमात घेत. बोलून झालं की हातावर काहीतरी खायला ठेवत, त्यामुळे राग धरायला सवडच मिळत नसे.

मग एका हिवाळ्यात त्या बाहेर दिसेनाशा झाल्या आणि शेजारून तो वास यायला लागला.

तूप कढवल्याचा वास होता, पण नुसत्या तुपाचा नव्हता. त्यात कैरीच्या सालीसारखं काहीतरी होतं, रॉकेलसारखं काहीतरी होतं, आणि मागे एक हिरवट, कडसर पदर होता. माझं नाक पगारी आहे, ते असल्या गोष्टी सोडत नाही. शेजारच्या मागच्या खोलीच्या खिडकीला आतून चंदेरी कागद लावलेला दिसला. पडद्याखालून जांभळट उजेडाची रेघ दिसली. दोन माणसांच्या घरात लागणार नाहीत इतके तुपाचे रिकामे डबे रिसायकलिंगच्या पिवळ्या झाकणाच्या बिनमध्ये दिसले. रविवारी चर्चनंतर त्यांच्याकडे गाड्या येऊन थांबत, लोक पिशव्या घेऊन आत जात आणि रिकाम्या हाताने बाहेर येत. मी हे सगळं निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "आपला सिटिझनशिपचा अर्ज गेलाय. तू काही पाहिलं नाहीस, काही हुंगलं नाहीस. नो वरीज म्हण आणि आत ये." पण मला गप्प बसवेना. ज्या माणसाचा जगात कशावरच विश्वास नाही, तो असलं काही करतोय म्हणजे त्याला त्यात काय मिळतं, हा त्यांचाच प्रश्न मला छळत होता.

तेही माझ्यावर लक्ष ठेवून होते. मी कपडे वाळत घालायला मागे गेले की त्यांच्या स्वयंपाकघराच्या ब्लाइंडची एक पट्टी वर उचलली जायची. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एका दुपारी ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "नाक वर करून काय हुंगतेस?"

"तुमच्याकडे काय शिजतंय ते."

"काय शिजतंय असं वाटतं?"

"गांजा," मी म्हटलं.

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. मग म्हणाले, "वाटणं हा पुरावा नव्हे. आत येऊन बघ."

आत रोझीकाकू रिक्लायनरमध्ये बसल्या होत्या. त्या निम्म्याच उरल्या होत्या. जुना कॅन्सर परत आला होता आणि आता पाठीच्या मणक्यांत उतरला होता. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आलीस, बाय? किती बरं वाटलं. किती गुणाची आहेस तू." त्या मला कधी गुणाची म्हणाल्या नव्हत्या. आजाराने माणूस मऊ होतं, असं मी मनाशी म्हटलं आणि माझे डोळे भरून आले.

चहा करता करता काकांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. दुखणं थांबायचं, पण काकू दिवसभर झोपून राहायच्या, जाग्या झाल्या तरी समोरचं माणूस त्यांना धुक्यातून दिसायचं. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी गांजाचं तेल लिहून दिलं, रीतसर, प्रिस्क्रिप्शनवर. ते लागू पडलं. काकू जाग्या राहिल्या, पत्ते खेळल्या, काकांना हरवलं. आणि मग ते नेमकं तेल बाजारातून गेलं. फार्मसीने सांगितलं, आता येत नाही, हे दुसरं घ्या, यातही तेच आहे. "कोण म्हणतं तेच आहे?" काका म्हणाले. दुसऱ्या तेलाने काकूंची छाती धडधडायला लागली आणि त्यांना फ्रीजपाशी त्यांची मेलेली आई उभी दिसली. तिसऱ्याने काहीच झालं नाही.

"मला दोनच गोष्टी नकोत," ते म्हणाले. "तिचं दुखणं नको आणि तिची झोप नको. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे. तिथे ती अजून रोझी असते. मला ती जागा पाहिजे."

म्हणून वाडीतल्या माणसाने मागच्या खोलीत कुंड्या मांडल्या होत्या आणि तो गांजा तुपात कढवत होता. कॅनबेरात घरी दोन-चार झाडं लावली तर चालतं, इथे व्हिक्टोरियात तो गुन्हा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सिग्नल पिवळा झाला तरी गाडी थांबवणारा हा माणूस. त्यांनी चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घेणं थांबवलं होतं. कम्युनियनआधी फादरपुढे पापाची कबुली, कन्फेशन, करायचं आणि कन्फेशनमध्ये पुन्हा करणार नाही असं म्हणावं लागतं, आणि ते खोटं बोलणार नव्हते. दर रविवारी सगळे रांगेत उभे राहत तेव्हा ते बाकावर बसून राहत. चर्चची माणसं पिशव्यांतून जेवणाचे डबे आणत होती, एवढंच त्या गाड्यांचं गूढ होतं.

त्या खोलीत मी पहिल्यांदा शिरले तेव्हा मला वाटलं होतं की जंगल दिसेल. मोजकीच झाडं होती, प्रत्येकाच्या कुंडीत मेणकापडाची चिठ्ठी. बियांच्या पाकिटांवरची नावं काकांनी केव्हाच रद्द केली होती. "ही काय झाडांची नावं आहेत? आइस्क्रीमच्या दुकानातली वाटतात," असं म्हणून त्यांनी प्रत्येकाला त्याच्या वागणुकीवरून नाव दिलं होतं. एकीने काकूंना भीती वाटायची, ती पोलिसीण. एकाने नुसती भूक लागायची आणि दुखणं तसंच राहायचं, तो जावई. एक होती तिने काकू तासन्‌तास गप्प बसायच्या, ती मदर सुपीरियर. आणि कोपऱ्यातल्या बुटक्या, फारशी न फोफावलेल्या झाडाचं नाव होतं नर्स. त्याच्यावर त्यांची आशा होती. ते पान बोटांत चुरगळत, हुंगत, मग मला हुंगायला देत. "माझा बाप पानवेलीचं पान कानाशी मोडायचा. आवाजावरून सांगायचा, कुठलं मुंबईला पाठवायचं आणि कुठलं घरी खायचं. मला इथे आवाज येत नाही. म्हणून मी घाबरतो."

खरंच घाबरत होते. प्रत्येक नव्या तुपाचा पहिला डोस ते स्वतः घेत आणि काकूंच्या तोंडाला ती बॅच त्यानंतरच लागे. मोहरीएवढा कण, खजुरात घालून. मग खुर्चीत ताठ बसत आणि वाट बघत. तुपातून हळूहळू चढतं, दीड-दोन तास काही कळत नाही आणि मग एकदम कळतं, त्यामुळे घाई करून आणखी घेणाराच फसतो, हे ते मला पुन्हा पुन्हा बजावत, जणू काही मीच डोस घेणार होते. एकदा मोहरी जरा मोठी झाली. मी गेले तेव्हा ते भिंतीकडे बघत बसले होते. मी विचारलं, ठीक आहात ना? ते फार विचार करून म्हणाले, "मला वाटतंय की मी अगदी ठीक आहे. म्हणजे मी ठीक नाही." त्या बॅचमधून काकूंना काहीही दिलं गेलं नाही. घरी तूप तोलता येतं, तुपात काय उतरलंय ते तोलता येत नाही, हे त्यांचं दुखणं होतं. काल नर्सचं तूप सौम्य निघालं म्हणून आजचं निघेलच, याची खात्री देणारं यंत्र टार्निटच्या स्वयंपाकघरात नव्हतं.

पण त्यांची खरी अडचण वेगळीच होती आणि ती त्यांनी मला बाहेर, गाडीच्या मागे उभं राहून सांगितली.

"मी तिला काहीही दिलं तरी ती म्हणते, बरं वाटतंय," ते म्हणाले. "माझ्याकडे बघून म्हणते. मी कुंड्यांना पाणी घालतो ते ती बघते, मी कम्युनियनला उठत नाही तेही बघते. ती मला वाईट वाटू नये म्हणून म्हणते का? मला कळत नाही. मी साक्षीदार म्हणून कामाचा नाही. मला तिला बरं वाटायला हवंय, म्हणून मला तेच दिसणार. तुला काही हवं नाहीये. आणि तुझा स्वभाव संशयी आहे. म्हणून तुला आत बोलावलं."

इतक्या मानाचं आमंत्रण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आमच्या कारखान्यात नवीन दही चाखायला देताना डब्यावर नाव नसतं. चाखणाऱ्याला माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही माहीत नसतं, कारण देणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही माणसं ओळखतात. तेच करायचं ठरलं. सारख्या चिनी मातीच्या बरण्या, काहींत नर्सचं तूप, काहींत जावयाचं, काहींत साधं. साध्या तुपात मी पालक आणि मेथ्या कढवल्या, म्हणजे रंग हिरवा आणि चव कडू. बरण्यांच्या बुडाशी आतल्या बाजूने वेगवेगळ्या टिकल्या चिकटवल्या, तूप गोठलं की त्या दिसेनाशा झाल्या. कुठली टिकली कशाची ते फक्त माझ्या डोक्यात. साध्या तुपाच्या दिवशी काकूंना सोसावं लागणार, म्हणून काका दोन दिवस कबूलच होईनात. काकूच म्हणाल्या, "करा काय ती परीक्षा. मी काय साखरेची आहे?" मॉर्फिनच्या गोळ्या त्यांच्या हाताशी ठेवल्या, वाटलं तर घ्यायच्या. दुपारी जेवणानंतर काका खजूर भरून देत आणि शिफ्ट संपवून आर्व्होला, म्हणजे दुपारनंतर, चहाच्या वेळी मी जाऊन बसे.

परीक्षा सपशेल फसली. नर्सच्या तुपावर काकू म्हणाल्या, बरं वाटतंय. जावयावर म्हणाल्या, बरं वाटतंय. पालक-मेथीवरही तेच, तितक्याच हसऱ्या चेहऱ्याने. मी बरण्यांतलं तूप वितळवून टिकल्या काकांच्या रोजच्या नोंदीशी ताडल्या आणि त्यांना मागच्या खोलीत नेऊन खुलासा केला. ते कुंडीच्या काठावर बसले. "म्हणजे मी इतके दिवस भाजीपाला लावला," म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना. आणि त्याच वेळी माझ्या नाकाला, म्हणजे नाकाला नव्हे पण नाकाच्या सवयीला, काहीतरी खटकलं. दही बिघडलं की आधी आंबट होत नाही, आधी वाजवीपेक्षा गोड लागतं. पालक-मेथीच्या दुपारी काकू मला काय म्हणाल्या होत्या? किती करतेस गं माझ्यासाठी. देव तुला सुखी ठेवो. काकांना म्हणाल्या होत्या, इनास, तू दमला असशील, बस जरा. आणि नर्सच्या दुपारी? नर्सच्या दुपारी त्या माझ्या चहाला भांड्यांचं पाणी म्हणाल्या, निखिलने बिन पुन्हा त्यांच्या कुंपणाला लावून ठेवलाय म्हणाल्या, आणि काकांनी केलेलं बांगड्याचं कालवण मांजरसुद्धा खाणार नाही, असा निकाल दिला.

मी काकांना म्हटलं, "काका, दुखत असलं की काकू गोड बोलतात."

"पुरावा?" ते म्हणाले. पण उठून उभे राहिले होते.

आम्ही परीक्षा पुन्हा घेतली, या वेळी काकूंना न सांगता. बरं वाटतंय का हे विचारणंच सोडून दिलं. त्या कुणाला नावं ठेवतात का, एवढंच ऐकायचं. आणि ते दर वेळी जुळलं. साध्या तुपावर सगळं जग चांगलं होतं. जावयावर जग चांगलं होतं आणि शिवाय बिस्किटं हवी होती. नर्सच्या तुपावर मात्र कॉयरपासून प्राइम मिनिस्टरपर्यंत कुणाची धडगत नव्हती. मला आत बोलावलं त्या पहिल्या दिवशी 'गुणाची' म्हटलेलं आठवलं. तेव्हा त्यांना किती दुखत असेल आणि मी बसून भारावून गेले होते.

त्यानंतर काकांनी डोस ठरवायची जी पद्धत काढली ती कुठल्याही डॉक्टरने ऐकली नसेल. ते रोज घरात एक चूक करून ठेवत. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर किंचित तिरकी करायची, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालायचे, चहात मीठ. आणि मग वाट बघायची. काकू ओरडल्या की डोस बरोबर. काकू म्हणाल्या, असू दे रे, छान आहे, की दुसऱ्या दिवशी खजुरातला कण मोहरीवरून तांदळाच्या कणीवर जायचा. शिव्या खाताना इतका सुखी झालेला नवरा मी दुसरा पाहिला नाही. ते ऐकता ऐकता माझ्याकडे बघत आणि भुवई उडवत, हिशेब जुळल्यावर ऑडिटर उडवत असतील तशी.

हे सुख त्यांना पुरलं असतं तर ते इनासकाका कसले. वसंत ऋतू आला, मागच्या अंगणात उन्हं आली आणि त्यांना नवा संशय आला. मला कुंपणापाशी बोलावून म्हणाले, "तिने ओळखलंय."

"काय?"

"की मला तिच्या ओरडण्याने बरं वाटतं. तसबीर तिरकी केली की लगेच ओरडते. हल्ली फार लगेच. मधुरा, ती आता माझ्यासाठी भांडत असेल तर?"

मी हसले नाही. काकूंना ओळखणारं कुणीच हसलं नसतं. त्या हे सहज करू शकल्या असत्या. दुखणं दात आवळून सोसत, नवऱ्याच्या समाधानासाठी, ठरवून भांडू शकल्या असत्या. मी घरी येऊन त्यावर विचार करत राहिले आणि मला काही सुचलं नाही. सुचलं ते काकांनाच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासून जी अक्कल आली होती ती त्यांनी इथे लावली.

"मी पेरलेली चूक तिला सापडली, तर तो पुरावा नाही," ते म्हणाले. "ती मला खूश करायलाही शोधता येते. मला स्वतःला माहीत नसलेली चूक तिला सापडली, तर तो पुरावा. कारण ती शोधायला डोकं जागं लागतं आणि दुखणं गप्प लागतं."

तेव्हापासून त्यांनी चुका पेरणं बंद केलं. नुसते जगत राहिले आणि आपल्या हातून काय चुकतंय ते बायकोच्या तोंडून ऐकायची वाट बघत राहिले. आणि माणूस जगत राहिला की चुका होतातच. काकूंना त्या सापडत होत्या. तो उन्हाळा त्या घराला चांगला गेला. नर्सचं तूप कधी जरा जड, कधी जरा हलकं निघे, पण ती मधली जागा त्यांना बहुतेक दिवस सापडत असे. मी तिथे पत्त्यांत कायम हरले.

शरद ऋतूत काकूंना गिळता येईनासं झालं. खजूर नाही, तूप नाही, पाणीही चमच्याने. त्यांना हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या इस्पितळात, हलवायचं ठरलं. तिथल्या डॉक्टर घरी आल्या तेव्हा काकांनी त्यांना सगळं सांगितलं, कुंड्या, तूप, खजूर, सगळं. दुसऱ्या औषधांबरोबर काय गेलंय ते त्यांना कळायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, किती आणि किती वेळा, लिहून घेतलं, आणि सांगितल्याबद्दल आभार मानून गेल्या. "आभार कशाचे?" काका नंतर म्हणाले. "त्यांना त्यात काय मिळतं?" त्या आठवड्यात रस्त्यावर पांढरी व्हॅन आली की ती पोलिसांचीच असणार म्हणून त्यांच्या ब्लाइंडची पट्टी वर जायची. दर वेळी ती कुणाचं तरी पार्सल घेऊन आलेली असायची. काकूंना नेलं त्याच सकाळी त्यांनी झाडं उपटली होती. नर्स शेवटी. मुळाची माती झटकून त्यांनी ते झाड क्षणभर हातात धरलं, मग तेही मोडलं.

काका आता पर्थला मुलाकडे असतात. फोनवर विचारतात, मेलबर्नचं हवामान खरंच तसं आहे का, ॲप म्हणतं तसं. शेजारच्या घरात एक तरुण पंजाबी कुटुंब आलंय, त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे आणि त्याचं काय करावं ते मला कळत नाही. मला काकांची फार आठवण येते. आठवतात ते बहुतेक वेळा हॉस्पिसच्या त्या खोलीतले.

दुपार होती. पर्थहून मुलगा, मेल्विन, आला होता आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. मी खिडकीपाशी. काका काकूंचा हात धरून बसले होते. औषध आता सुईतून जात होतं, हळूहळू, एका छोट्या पंपाने. काकू शांत पडल्या होत्या, कपाळावर आठीसुद्धा नव्हती. त्यांनी डोळे उघडले, काकांकडे बघितलं आणि अगदी हलक्या, मऊ आवाजात म्हणाल्या, "इनास, तू माझ्यासाठी फार केलंस रे. तुझ्यासारखा नवरा कुणाला मिळणार नाही."

मेल्विन रडायला लागला. माझेही डोळे भरले. आणि काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी भिंतीवरची घंटी दाबली आणि दाबूनच ठेवली.

"डॅड, प्लीज," मेल्विन म्हणाला. "शी इज सेइंग गुडबाय. लेट हर."

ड्यूटीवरची नर्स आली. तिने काकूंकडे बघितलं, पंप बघितला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की त्या किती कम्फर्टेबल दिसताहेत. काका उभे राहिले. आयुष्यभर पुरावा मागणाऱ्या माणसाचा आवाज कापत होता.

"नो," ते म्हणाले. "शी इज बीइंग नाइस टु मी. शी इज इन पेन."

नर्सला काय कळावं? तिने माझ्याकडे बघितलं. मी डोळे पुसले आणि तिला म्हटलं, ही इज राइट, प्लीज चेक. तिने चादर बाजूला केली, काकूंच्या कमरेखाली हात सरकवून त्यांना अगदी किंचित कुशीवर वळवलं. काकूंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. मेल्विन भिंतीकडे वळला. नर्स बाहेर गेली, दुसऱ्या नर्सला घेऊन आली, आणि दोघींनी मिळून वरचा डोस दिला.

मग आम्ही वाट बघितली. काका काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते, मी काकांकडे. चहाची ट्रॉली दारावरून आली आणि गेली. बऱ्याच वेळाने काकूंनी पुन्हा डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग मेल्विनकडे, मग काकांकडे. त्यांची नजर काकांच्या गळ्यापाशी येऊन थांबली आणि कपाळावर आठी पडली.

"बटण चुकीच्या काजात घातलंयस," त्या म्हणाल्या. "असाच आलास सगळ्या लोकांतून?"

काकांनी खाली बघितलं. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. सकाळपासून आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं. ते खुर्चीत बसले, एकेक बटण काढून पुन्हा नीट लावलं, आणि काकूंना दिसावं म्हणून पुढे वाकले.